घोटभर हिरवं

मूठ वळा म्हटलं की माणसं एका हाताची मूठ वळतात. हा मात्र दोन्ही मुठी आवळून, डोळे घट्ट मिटून खुर्चीत असा बसला होता, जणू मी सुई नाही, तलवारच उपसली होती.

"एकच हात पुरे," मी म्हणाले.

"कुठला?"

"जास्त आवडतो तो ठेवा. दुसरा द्या."

त्याचा एक डोळा उघडला. त्या डोळ्यात भीती होती, पण तिच्या मागे हसूही होतं.

मी एका छोट्या तपासणी केंद्रात रक्त काढते. सकाळी आमच्याकडे येणारी माणसं उपाशीपोटी आलेली असतात, त्यामुळे बहुतेक वैतागलेली. हा वैतागलेला नव्हता. रुंद खांद्यांचा, उन्हात रापलेला गडी नुसता बोलत सुटला होता. त्याच्या पाठीशी त्याची मोठी बहीण पिशवी छातीशी धरून उभी होती, हा पळाला तर दार अडवायचं अशा तयारीत.

"तुम्हाला रोज इतक्या लोकांना टोचायला वाईट नाही वाटत?" त्याने विचारलं.

"बोलत राहा."

"बोललं की कमी दुखतं?"

"नाही. पण मला करमतं."

दंडाला पट्टा बांधताना माझं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. नखांच्या कडा हिरव्या होत्या.

"रंगकाम करता?"

"छे! गव्हांकुर. बागेच्या फाटकाशी आमची रसाची गाडी असते. गव्हाचं कोवळं गवत… कापायचं, वाटायचं, गाळायचं. घोटभर प्यायचं. रक्त वाढतं, पचन सुधारतं, त्वचा—"

त्वचेचं काय होतं ते राहूनच गेलं, कारण तेवढ्यात सुई आत गेली होती. त्याने मान वळवून नळीत चढणारं स्वतःचं रक्त पाहिलं, "अरे वा," म्हणाला… आणि त्याचं डोकं सरळ माझ्या खांद्यावर आलं.

मी हलले नाही. नळी भरेपर्यंत हलता येत नाही. पण ते काही एकच कारण नव्हतं. त्याच्या केसांना ओल्या मातीचा आणि कापलेल्या गवताचा वास येत होता, आणि सकाळपासून स्पिरिटशिवाय माझ्या नाकात दुसरं काही गेलं नव्हतं.

"पाणी मारा तोंडावर," बहीण शांतपणे म्हणाली. "लहानपणी लस टोचायला नेलं तरी असाच आडवा व्हायचा."

तो शुद्धीवर आला. आधी छताकडे पाहिलं, मग माझ्या खांद्याकडे.

"मी… इथे?"

"जवळ दुसरं काही नव्हतं."

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला. निदान त्या घटकेला तरी त्याच्यात रक्त भरपूर दिसत होतं.

तपासणीत मात्र तसं निघालं नाही. संध्याकाळी अहवाल न्यायला तो एकटाच आला. मी कागद त्याच्यासमोर धरला.

"रक्त वाढवायचा रस विकता, आणि तुमच्याच अंगात रक्त कमी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावर वाकून कुजबुजला, "कुणाला सांगू नका… मी तो पीत नाही."

"काय?"

"घशाखाली उतरत नाही. पाऊस पडून गेल्यावर मैदानाला वास येतो ना, तसा वास. मला मैदानावर खेळायला आवडतं हो, मैदान प्यायला नाही."

मला हसू आवरेना. मग मी जरा धाक दाखवला. नुसत्या रसाने काही व्हायचं नाही, डॉक्टरांना दाखवा, वेळेवर जेवा, पालेभाजी, कडधान्यं, वर लिंबू पिळा. सकाळच्या घाईत तो काही खातच नसे, आणि दुपारी खायची आठवण राहत नसे.

"तुम्ही सांगताय तर खातो," तो म्हणाला.

"मी सगळ्यांनाच सांगते."

"आणि सगळे ऐकतात?"

"कुणीच नाही."

"मग मी पहिला," तो म्हणाला. जाताना दारातून एकदा वळून… "बागेवरून जाता का कधी?"

जात नव्हते. बाग माझ्या वाटेवर नव्हतीच. पुढच्याच आठवड्यात मी माझी वाट बदलली.

गाडी नीटनेटकी होती. पांढरं स्वच्छ फडकं, ओळीने मांडलेले काचेचे छोटे पेले, एका ट्रेमध्ये दाट हिरवं गवत, आणि वर भलामोठा फलक. रक्तवाढ, पाचनशक्ती, त्वचेचं तेज, आणि शेवटी जाड अक्षरांत, 'शंभर रोगांवर एकच ऊपाय'.

"हे शंभर रोग कुठले?" मी विचारलं.

"ताई मोजत होती, मध्येच गिऱ्हाईक आलं."

"मस्करी नको. खरं काय ते सांगा."

कात्री खाली ठेवून तो गंभीर झाला. गंभीर झाला की त्याच्या कपाळावर एक उभी रेघ उमटायची. "खरं सांगू? हिरवी भाजी जशी चांगली, तसंच हे. जीवनसत्त्वं आहेत. सकाळी घेतलं की हलकं वाटतं, पोट साफ राहतं, असं रोजचे लोक सांगतात. काहींना नुसतं मळमळतं. आजार बरा होईल का म्हणून कुणी विचारलं, तर मी डॉक्टरकडे पाठवतो."

"मग हा फलक?"

"तो ताईचा. ती म्हणते, बोलणाऱ्याची माती विकली जाते, आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात."

"तुमचे तर गहूच आहेत."

"म्हणून तर ती घाबरते!"

त्याने एक पेला माझ्यासमोर सरकवला. मी तो परत त्याच्याकडे सरकवला. "आधी तुम्ही."

"अहो, पण—"

"दोघं मिळून. नाक धरून."

आम्ही नाक धरून प्यायलो. आधी जिभेवर थोडं गोड आलं, मग सगळं तोंड गवताळ झालं, आणि शेवटी घशाशी एक तुरट खरखर राहिली. त्याने असं तोंड केलं की गाडीपाशी उभ्या असलेल्या एक आजीबाई काही न घेताच निघून गेल्या. मी हसत सुटले.

"तुमच्या… ओठावर," तो म्हणाला. "इथे. नाही, जरा डावीकडे…" त्याचा हात उठला, अर्ध्या वाटेवर थांबला, आणि मग काहीतरी सुचल्यासारखा रुमाल शोधायला खिशात गेला. मी ओठ पुसला. तो रुमाल त्याने परत मागितला नाही, मीही दिला नाही.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. रसाने माझं काय भलं झालं, ते मला नक्की सांगता येणार नाही. सकाळी गजराआधी जाग येई. केंद्रात कुणी वसकन अंगावर आलं तरी राग येत नसे. मैत्रिणीने विचारलं, "चेहऱ्याला काय लावतेस गं हल्ली?" मी म्हटलं, "गवत." तिला वाटलं टाळतेय.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. गाडीवर येणाऱ्या बाया त्याच्या कुणी ताई होत्या, कुणी काकू, कुणी मावशी. मला तो नुसतं "अहो" म्हणायचा.

"बाकी सगळ्यांना काही ना काही नातं लावता. मलाच का नाही?"

"ताई घरी एक आहे. पुरे आहे," तो यंत्रात गवत कोंबत म्हणाला. "आणि काकू-मावशी म्हणायला… तुमचं वय नाही."

"मग काय म्हणायचं राहिलं?"

"तेच शोधतोय," तो म्हणाला, आणि यंत्राची कळ दाबली. त्या घरघरीत पुढे काही बोलताच येईना.

मग एका सकाळी फलक बदललेला दिसला. शंभर रोगांची ओळ पुसलेली. 'पाचनशक्ती'ची 'पचनशक्ती' झालेली.

"हे कुणी केलं?"

"एक काका येतात हल्ली, तुमच्या बरेच आधी. म्हणाले, उपायातला उ दीर्घ पाहिला आणि माझा घोट घशात अडकला! मी म्हटलं, ओळ खोटीच आहे काका, अख्खी काढून टाकतो. खूश झाले. बाकीचं त्यांनी सुधारून दिलं."

"अगदी माझे बाबा! जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली त्यांनी. लग्नपत्रिकेत चूक सापडली तर लग्नाला जायला तयार नसतात."

आम्ही दोघं खूप हसलो. बाबा रोज सकाळी कालव्याच्या बाजूला फिरायला जातात, बाग अगदी उलट्या टोकाला… त्यामुळे माझ्या मनात काही आलंच नाही.

आमच्या घरी आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आई गेल्यावर काही वर्षांनी बाबांच्या हृदयातली एक झडप बदलावी लागली. धातूची बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची एक गोळी त्यांना रोज घ्यावी लागते. ती मी माझ्या हाताने देते आणि गिळेपर्यंत उभी राहते. त्यांचं रक्तही मीच काढते. इतकं सगळं मी बघत होते, तरी ते घडलं.

रविवार होता. बाबा फिरून आले, चहा घेऊन खिडकीशी बसले. मी भाजी निवडत होते. कप फुटल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं तर बाबा आपल्या उजव्या हाताकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. "अगं…" म्हणायला गेले, पण शब्द वाकडा होऊन बाहेर आला.

रुग्णालयात पोचेपर्यंत त्यांचा हात हलायला लागला होता. बोलणंही हळूहळू सरळ झालं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाबांच्या खाटेजवळ बोलावलं.

"थोडक्यात निभावलं. रक्त हवं तितकं पातळ नाहीये. गोळ्या चुकल्या?"

"एकही नाही."

"मग खाण्यात काही नवीन? भरपूर हिरवं काही?"

बाबांनी छताकडे पाहिलं. डॉक्टर अनुभवी होते. "जीभ दाखवा."

बाबांनी नाइलाजाने जीभ काढली. जिभेच्या कडेला हिरवट छटा होती. ती छटा मी रोज आरशात पाहत होते.

"गव्हांकुराचा रस," बाबा पुटपुटले. "पेलाभर. रोज."

डॉक्टरांनी समजावलं, ते मला ऐकायचीही गरज नव्हती. त्या हिरव्या रसात जे 'के' जीवनसत्त्व असतं, ते नेमकं या गोळीच्या आड येतं. इतरांना चालेल, पण ज्याला ही गोळी चालू आहे त्याने डॉक्टरांना न विचारता असं काही सुरू करायचं नाही. ठेवून घ्यावं लागेल, इंजेक्शनं द्यावी लागतील.

मी तशीच बागेकडे गेले. सुटीची सकाळ, गाडीभोवती गर्दी. मला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि जवळ येईपर्यंत उतरला.

"तुमचे ते काका, फलक सुधारणारे… ते माझे बाबा आहेत. रुग्णालयात आहेत." माझा आवाज चढला होता, कापतही होता. "त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे! लोकांना हे पाजता, मग कुठली औषधं चालू आहेत एवढं विचारता येत नाही तुम्हाला?"

त्याची बहीण पुढे आली. "अगं, पण ऐक तरी, याने—"

त्याने तिचा हात धरला. एकदा तिच्याकडे बघून मान हलवली. मग माझ्याकडे वळला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "काका कसे आहेत?"

"तुमच्या रसावाचून बरे होतील."

एवढं बोलून मी निघाले. फाटक ओलांडेपर्यंत रडले नाही, एवढंच काय ते जमलं.

बाबा सुधारत गेले. दोन दिवसांत ते भिंतीवरच्या सूचनांमधल्या चुका काढायला लागले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात परिचारिका सहज म्हणाली, "खाली एकजण रोज येऊन यांची चौकशी करून जातात. वर या म्हटलं तर येत नाहीत. खांद्याने रुंद आहेत, आणि बोटं हिरवी."

मी चादर नीट करायला लागले. ती नीटच होती.

"त्याला काही बोललीस का?" बाबांनी विचारलं.

"बोलायचं नाही तर काय? विचारायला नको होतं त्यांनी?"

बाबांनी पांघरुणाची कड सरळ केली. मग म्हणाले, "विचारलं होतं."

"काय?"

"पहिल्याच दिवशी. काका, गोळ्याबिळ्या काही चालू आहेत का? मी म्हटलं, डोकेदुखीचीसुद्धा घेत नाही."

"बाबा! खोटं का बोललात?"

"अगं, मुलगा बघायला गेलेल्या बापाने आपलीच दुखणी सांगत बसायचं का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हे ते अवघड बोलायचं असलं की करतात.

"तू भांडी घासताना गुणगुणायला लागली होतीस. तुझी आई गेल्यापासून या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. वर जीभ हिरवी. म्हटलं, बघावं तरी कुठली हिरवळ आहे ती. एक दिवस तुझ्या मागून बागेपर्यंत आलो."

"नुसतं बघून यायचं होतं. प्यायलात कशाला?"

"न पिता माणूस गाडीपाशी किती वेळ उभा राहणार? आणि किती वाईट लागतं गं ते!" त्यांनी तोंड वाकडं केलं. "पण त्याच्याशी बोलायला बरं वाटायचं. खोटी ओळ खोटी आहे म्हणतो, आणि पुसतो. छापखान्यात सुद्धा अशी माणसं मला फार भेटली नाहीत… त्याने तुला सांगितलं नाही? मी खोटं बोललो ते?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणाले, चुकलं माझं."

बाबांनी नुसती मान हलवली. मग पाठ करून झोपले, किंवा झोपल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं घर शोधत गेले. बहिणीने दार उघडलं. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"गच्चीवर आहे. जा. मी काही बोलत नाही, बोलायला लागले तर फार बोलेन." मी जिन्याशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, "बाबा बरे आहेत ना, पोरी?"

गच्चीभर ट्रे मांडलेले होते. काहींत नुसते टपोरे भिजलेले दाणे, काहींत पांढरे कोंब, काहींत बोटभर वाढलेलं, कोवळ्या उन्हात चमकणारं गवत. प्रत्येक पात्याच्या टोकावर पाण्याचा एकेक थेंब. तो उकिडवा बसून कापत होता. मला बघून उठला, आणि कात्री कुठे ठेवावी हेच त्याला कळेना.

"काका?"

"उद्या घरी सोडतील." मी एका दमात म्हणाले, "बाबांनी सांगितलं सगळं. तुम्ही विचारलं होतंत. मी भर गर्दीत नको ते बोलले, आणि तुम्ही… तुम्ही का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? वडील रुग्णालयात, तुम्ही घाबरलेल्या, आणि मी म्हणू तुमचे वडील खोटं बोलले?" त्याने मान खाली घातली. "तुम्हाला तेव्हा कुणावर तरी ओरडायचं होतं. मी होतो ना."



"मी माफी मागायला आले."

"मागितलीत."

"मग… असा चेहरा का?"

"माफी मागायला आलेलं माणूस माफी मागून झाली की जातं," तो म्हणाला. "दुसऱ्या कशाला आल्या असतात तर बरं झालं असतं."

वारा आला. सगळ्या ट्रेमधलं गवत एकदम एका बाजूला झुकलं आणि पुन्हा सरळ झालं.

"दुसऱ्या कशाला?" मी विचारलं. माझं मलाच ऐकू आलं नाही, इतक्या हळू.

"मला तुम्ही आवडता." तो थांबला. "याच्या पुढे बरंच होतं. चार दिवस पाठ करत होतो. आता काही आठवत नाही."

"पुढचं नकोच," मी म्हणाले. "एवढंच पुरे आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बसले, एका ट्रेमधलं गवत मुठीत धरलं. थंड, ओलं, दाट होतं.

"कात्री दे," मी म्हणाले.

"काय?"

"कात्री."

"नाही, त्याच्यापुढचं."

"दे."

तो खाली बसला, अगदी जवळ. कात्री दिली, पण हात काढून घेतला नाही. त्याच्या हिरव्या बोटांखाली माझी बोटं किती वेळ होती कोण जाणे. आमच्या दोघांच्याही हातून एकही पातं कापलं गेलं नाही.

"उद्या बाबा घरी आले की ये," मी म्हणाले. "जेवायलाच ये. त्यांना तुझ्याशी बोलायचंय. तसं मी काही सांगितलं नाहीये त्यांना, पण त्यांना सगळं माहीत आहे."

"आणि तुला काय बोलायचंय?"

'तुला' म्हणताना तो एवढा जपून म्हणाला की मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते अंगठ्याने पुसलं. या वेळी त्याचा हात अर्ध्या वाटेवर थांबला नाही.

खालून त्याच्या बहिणीची हाक आली, "अरे, गिऱ्हाईकं खोळंबतील! गवत कापतोयस की पेरतोयस?"

तो माझ्याकडे बघत, मान न वळवता ओरडला, "पेरतोय, ताई!"

खाली पावलं वाजली. मग जिन्यावरून तिचा आवाज आला, अगदी वेगळाच, मऊ झालेला.

"मग सावकाश उगवू दे."